विंगेतून: ‘केशवराव’बद्दल आलेल्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो, की कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात डाव्या विंगेतल्या स्टुलावर माझी उमेदीची वर्षं गेली. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग पडला. संपादक म्हणाले, “काका, या वेळचं अख्खं सदर केशवरावलाच देऊन टाका.” त्यामुळे स्वगत पाठ कसं करायचं, घामानं मिशी सुटली तर काय करायचं, असले प्रश्न पुढच्या खेपेला. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो: मी दिवसा सरकारी कचेरीत कारकून आणि रात्री प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत बसून नटांना विसरलेले शब्द पुरवणारा. नट कधी झालो नाही आणि इतिहासकार तर नव्हेच. ती वास्तू मला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त कळली, तेव्हा उत्तरंही कानांकडूनच येतील.

प्रश्न: लग्न होऊन कोल्हापुरात आले. सासरची वडीलधारी माणसं अजून ‘पॅलेस थेटर’ म्हणतात. ते राजवाड्यात होतं का? कुणी बांधलं, आणि कशासाठी?
(एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

ताई, राजवाड्यात नव्हतं, राजाचं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ साली काम सुरू केलं आणि १९१५ साली नाट्यगृह उभं राहिलं. नाव ठेवलं पॅलेस थिएटर. तुमच्या सासऱ्यांच्या तोंडी आहे ते पहिलं नाव. ‘केशवराव भोसले’ हे नाव पुष्कळ पुढचं, संस्थान विलीन झाल्यानंतरचं. आमच्या वडिलांना ते नाव कधी वळणी पडलंच नाही. “पॅलेसला कुठलं नाटक लागलंय?” असंच ते शेवटपर्यंत विचारायचे.

कशासाठी बांधलं, याचं उत्तर मिळवायचं तर नाट्यगृहाच्या मागं जा. तिथं खासबाग मैदान आहे. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते. त्या दौऱ्यात रोममधली जुनी प्रेक्षागारं त्यांनी पाहिली आणि तसं कुस्तीचं मैदान आपल्या गावात असावं, हे तिथंच त्यांच्या मनात आलं, असं सांगतात. खासबाग १९१२ साली झालं. मधोमध लाल मातीचा हौद, चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, आणि कुठंही बसा, पैलवानाच्या अंगाची माती दिसणार. त्याच्या पाठीला पाठ लावून मग नाट्यगृह आलं. आधी कुस्ती, मग नाटक. कोल्हापूरचा क्रम बरोबरच आहे.

जाता जाता: महाराज त्या दौऱ्यावर असतानाच, २६ जुलै १९०२ ला, करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागास जातींसाठी पन्नास टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला. ‘कुणाला कुठं बसायला मिळावं’ याचा विचार त्या माणसाच्या डोक्यात सारखा चालू असणार. कचेरी असो, कुस्तीचं मैदान असो.

ही पाठीला पाठ असल्याची गंमत मी भोगलीय. एकदा दुपारच्या प्रयोगात नायिकेचे वडील गेल्याची बातमी येण्याचा प्रसंग होता. तिनं पत्र उघडलं, आणि मागं खासबागेत कुणीतरी कुणाला तरी चितपट केलं. हलगी कडाडली, माणसं ओरडली. नायिकेला हुंदका आवरेना. प्रेक्षकांना वाटलं रडतेय. मी विंगेत होतो, मला दिसत होतं, ती हसत होती.

प्रश्न: आम्ही हुबळीचे मराठी. आजोबा सांगायचे की केशवराव भोसल्यांची कंपनी हुबळीत निघाली. मग नाट्यगृह कोल्हापुरात कसं?
(एक वाचक, हुबळी)

आजोबांचं बरोबर आहे. पण नाट्यगृह कंपनीचं नव्हतं. ते महाराजांनी बांधलं, नाव नंतर केशवरावांचं दिलं. आणि केशवराव मुळात आमचे.

९ ऑगस्ट १८९० ला त्यांचा जन्म कोल्हापुरात झाला. घरात गरिबी, गळा मात्र देवानं दिलेला. अगदी लहानपणी ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. देवलांच्या ‘संगीत शारदा’त त्यांनी शारदा केली आणि मुलाचं नाव झालं. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी पोर, आणि ती भूमिका करणारा पोरगाही तसाच कोवळा आणि परक्याच्या हुकमतीखाली. कंपन्यांतल्या मुलांचे दिवस काही सुखाचे नसत. पहाटे तालीम, रात्रभर प्रयोग, आणि गळा फुटला की किंमत शून्य.

केशवरावांनी त्यातून बाहेर पडून १ जानेवारी १९०८ ला तुमच्या हुबळीत ‘ललितकलादर्श’ काढली. वय मोजा. साडेसतरा वर्षांचं! या वयात आमची पोरं बारावीच्या क्लासला दांडी मारतात, आणि हा मुलगा नट, वादक, आचारी, पडदेवाले, सगळ्यांच्या पोटाची जबाबदारी घेऊन उभा होता. गाण्यासाठी त्यांनी रामकृष्णबुवा वझ्यांचं मार्गदर्शन घेतलं. मामा वरेरकरांसारखा नवा लेखक हाताशी धरून हुंड्यावरचं ‘हाच मुलाचा बाप’ रंगमंचावर आणलं. लोकांनी ‘संगीतसूर्य’ म्हटलं ते नुसत्या गोड गळ्यासाठी नव्हे. तो आवाज चढा होता, धारदार होता, आणि लांब जायचा. ‘लांब जायचा’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागतील.

४ ऑक्टोबर १९२१ ला ते गेले. एकतीस वर्षांचे होते. सात महिन्यांनी, ६ मे १९२२ ला, महाराज गेले. नाट्यगृह उभं राहून तेव्हा सात वर्षंही झाली नव्हती. बांधणारा राजा आणि ज्याचं नाव पुढं लागायचं तो गवई, दोघंही असे भरल्या ताटावरून उठले. ललितकलादर्श मात्र टिकली. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, त्यांच्यामागं भालचंद्र पेंढारकरांनी. हुबळीत लागलेलं रोप आहे ते, आजोबांना सांगण्यासारखं आहे. ते नसतील तर नातवंडांना सांगा.

प्रश्न: मी नाट्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा जायचा? रंगमंचाखाली विहीर असल्यामुळं आवाज घुमतो असं आम्हाला सांगतात. खरं का?
(एक विद्यार्थी, इचलकरंजी)

बाळा, आता माझ्या आवडीच्या जागी हात घातलास. चहा घेऊन बस.

विहिरीची गोष्ट मी जन्मभर ऐकतोय, आणि नुसती केशवरावबद्दल नाही. दौऱ्यावर जिथं जिथं जुनं नाट्यगृह बघितलं, तिथला पहारेकरी पहिल्यांदा हेच सांगायचा. पाणी खाली आणि आवाज वर! लोकांना चमत्कार आवडतो. पण विहिरीला श्रेय दिलंस की सुताराचं, गवंड्याचं आणि नटाचं श्रेय जातं, म्हणून मला त्या गोष्टीचा राग आहे.

फळ्यांचा रंगमंच असतो, त्याच्या खाली पोकळी असते. तबल्याला जसं पोट, तसं ते रंगमंचाचं पोट. नट फळीवर उभा राहून बोलला की त्या फळ्या त्याच्याबरोबर किंचित बोलतात. फरशीवर उभं राहून तेच वाक्य म्हण, आवाज कोरडा लागेल. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट भिंतींची. दगडी भिंत आवाज गिळत नाही, परत फेकते. हे चांगलंही आहे आणि वाईटही. रिकाम्या नाट्यगृहात तालीम करताना एकेक शब्द दोनदा ऐकू यायचा. नवे नट घाबरायचे, “काका, घुमतंय.” मी म्हणायचो, उद्या माणसं येऊ देत. माणसांचे कपडे, माणसांची अंगं घुमणं पिऊन टाकतात. आमच्यातला एक दिग्दर्शक रंगीत तालमीला शेजारपाजारची पन्नास माणसं मुद्दाम आणून मधल्या रांगांत बसवायचा. लोकांना वाटायचं फुकट नाटक. तो त्यांना सतरंजी म्हणून वापरत होता.

तिसरी गोष्ट पावसाची. कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट तुला माहीत आहे. छपरावर सर आली की नटांनी काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात नाही. ओरडायचं नाही. सरीला जागा द्यायची. वाक्याच्या मधे थांबायचं नाही, वाक्य संपवून थांबायचं, हातातलं काम लांबवायचं, पेला पुसत बसायचं, आणि सर ओसरली की पुढचं वाक्य घ्यायचं. जुने नट हे इतकं बेमालूम करत की प्रेक्षकांना वाटायचं लेखकानंच तिथं मौन लिहिलंय.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मराठी वाक्य. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याहून शेवटी. श्वास संपत येतो नेमका तिथंच अर्थ बसलेला असतो. “मी त्याला मारलं नाही.” आता हे वाक्य म्हणताना शेवट पाडलास, ‘नाही’ ओठांतच राहिलं, तर पहिल्या रांगेत नायक निर्दोष आणि शेवटच्या रांगेत खुनी. हसू नकोस, हे मी घडताना पाहिलंय. राज्य नाट्य स्पर्धेत असंच एक वाक्य होतं. मध्यंतरात मागच्या रांगेतले दोघे माझ्याजवळ वाद घालत होते, की यानं खून केलाय तर मग हा पळत का नाही. त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांना ‘नाही’ पोचलंच नव्हतं.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक नटाच्या प्रत्येक ‘नाही’खाली तांबड्या पेन्सिलीची रेघ असायची. तालमीत मी शेवटच्या रांगेत जाऊन बसायचो आणि ‘नाही’ ऐकू आलं नाही की हात वर करायचो. एवढंच. नट मला शिव्या घालायचे.

आता उलटी बाजू. प्रॉम्प्टरचा आवाज नटापर्यंत जायला हवा आणि पहिल्या रांगेपर्यंत जाता कामा नये. पंधरा फुटांवर नट, वीस फुटांवर तिकीट काढलेला माणूस. गळा वापरायचाच नाही, नुसत्या श्वासावर बोलायचं. त्यातही स, श, च ही अक्षरं श्वासावर फार लांब जातात, पाचोळ्यावरून साप गेल्यासारखी. म्हणून ‘शपथ’ असा शब्द विसरला तर मी ‘शपथ’ द्यायचो नाही, त्याच्या मागचा किंवा पुढचा शब्द द्यायचो. अख्खं वाक्य तर कधीच द्यायचं नाही, पहिला घास भरवला की नट स्वतः जेवतो. आणि सगळ्यात कठीण म्हणजे नट विसरलाय की थांबलाय, हे ओळखणं. विसरलेल्या माणसाचा अंगठा हलतो. थांबलेल्याचा हलत नाही. केव्हातरी बघ.

माईक आले तसं हे सगळं सैल झालं. आधी वरून टांगलेले, मग पायाशी ठेवलेले. पायाशी ठेवलेल्या माईकला नटाच्या तोंडापेक्षा त्याच्या चपला जास्त आवडतात. माझा माईकला विरोध नाही, काळ बदलला आणि बाहेर गाड्या वाढल्या. पण तुला नट व्हायचं असेल तर तालीम बिनमाईकची कर. केशवराव भोसल्यांचा आवाज लांब जायचा म्हणालो ना, तो असा जायचा. फळीवर पाय रोवून, दगडाला आपटून, हजार सदऱ्यांतून वाट काढत, आणि शेवटचं अक्षर न पाडता.

प्रश्न: मिसळीची पैज लागलीय. मित्र म्हणतो, गंधर्व आणि केशवराव यांचं ‘संयुक्त मानापमान’ कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरात झालं. मी म्हणतो पुण्यात. कोण जिंकलं?
(एक वाचक, गडहिंग्लज)

दोघंही हरलात, मिसळ मला पाठवा. तो प्रयोग ८ जुलै १९२१ ला मुंबईत झाला, बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडासाठी. लोकमान्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श म्हणजे त्या वेळच्या एकमेकींच्या तोडीस तोड कंपन्या. प्रेक्षकांत सरळसरळ दोन तट. ते दोघे एका रंगमंचावर, एका नाटकात! नाटक खाडिलकरांचं, १९११ सालचं, सगळ्यांना पाठ असलेलं. त्यामुळे ‘पुढं काय होणार’ ही उत्सुकता कुणालाच नव्हती. कोण कुणाला कसा भिडतो, एवढंच बघायचं होतं. खासबागेतली कुस्तीच म्हणा, फक्त सुरांची.

मला मात्र त्या रात्रीचा विचार आला की आठवतो तो विंगेतला माणूस. दोन कंपन्या म्हणजे एकाच नाटकाच्या दोन सवयी. थांबायच्या जागा वेगळ्या, गाळलेल्या ओळी वेगळ्या. गंधर्वांनी एका जागी श्वास घेतला तर तो विराम आहे की विस्मरण, हे त्या बापड्यानं कसं ओळखलं असेल? शिवाय ‘वन्स मोअर’ किती येणार, याचा नेम नाही. नुसत्या कल्पनेनं माझ्या तळहाताला घाम येतो.

त्यानंतर नव्वद दिवसही झाले नाहीत आणि केशवराव गेले. तुमचा मित्र तो प्रयोग कोल्हापूरला आणतो, ते चूक आहे, पण मला त्याचं मन समजतं. नाट्यगृहाला नाव त्यांचं आणि त्यांची सगळ्यात गाजलेली रात्र दुसऱ्याच गावात, हे आम्हा कोल्हापूरकरांना जरा लागतंच.

प्रश्न: केशवरावमध्ये भूत आहे का?
(इयत्ता सहावी, कागल)

होतं. डाव्या विंगेत, पांढरा लेंगा-सदरा, हातात लाल कागद लावलेली बॅटरी, आणि अंधारात नुसता श्वास ऐकू यायचा. निवृत्त झालं.

प्रश्न: मी मूळची कोल्हापूरची, आता पुण्यात असते. आगीचे व्हिडिओ मोबाईलवर आले तेव्हा पूर्ण बघवले नाहीत. पहिलं भरतनाट्यम मी त्या रंगमंचावर केलं होतं. काका, तुम्ही त्या रात्री कुठं होता? ते परत पूर्वीसारखं होईल का?
(एक वाचक, पुणे)

बाई, मी जेवून हात धुत होतो. ८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. पुतण्याचा फोन आला, “काका, केशवराव पेटलंय.” मी म्हटलं, कोण केशवराव? खरंच म्हटलं. एवढ्या वर्षांत ‘केशवराव’ आणि ‘पेटलं’ हे शब्द शेजारी ऐकले नव्हते, ते मला जुळवताच आले नाहीत.

चालत गेलो. पोलिसांनी गर्दी लांब अडवली होती. ज्वाळा लांबूनच दिसत होत्या, त्या तुम्हीही व्हिडिओत बघितल्यात. पण आवाज मोबाईलमधून आला नसेल. लाकूड तडतडतं ते सगळ्यांना माहीत आहे. पत्रा तापून वाकताना जो आवाज करतो तो मी पहिल्यांदा ऐकला, खूप मोठी सारंगी कुणीतरी आडवी पाडून घासावी तसा. गर्दी एवढी आणि कुणी बोलत नव्हतं. माझ्या शेजारी एक तबलजी उभा होता, ओळखीचा, वयानं माझ्यापेक्षा बराच लहान. तो नुसता मांडीवर बोटं आपटत होता. त्याला ते कळतही नसावं.

दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. तारखेनं असा घाव घालावा! सकाळी शहरातले कलावंत नाट्यगृहासमोर जमले. काहींना बोलता येईना. समोरची दगडी भिंत उभी होती. कमानीतून आत बघितलं तर जिथं नेहमी अंधार असायचा तिथं उजेड होता, आभाळाचा. मी आत गेलो नाही, जाऊही देत नव्हते. स्टुलाची जागा बाहेरूनच अंदाजानं शोधली. जीवितहानी झाली नाही, हे मोठंच नशीब. प्रयोग चालू असता तर काय झालं असतं, या विचारानं मला नंतर कितीतरी रात्री झोप नव्हती. पडदे, फळ्या, रंग, वायरी. नाट्यगृह म्हणजे सरपणच रचून ठेवलेलं असतं. पूर्वी विंगेत वाळूच्या तांबड्या बादल्या असायच्या, आणि आम्ही त्यांत विड्या विझवायचो. लिहितानाही लाज वाटते.

सरकारनं निधी जाहीर केला, पुन्हा उभारणीचं काम हाती घेतलं गेलं. ‘पूर्वीसारखं होईल का’ म्हणजे तुम्हाला दिसायला पूर्वीसारखं म्हणायचंय का? दगडी दर्शनी भाग, कमानी, उतरतं छप्पर, हे सगळं फोटो आणि नकाशे बघून करता येतं. करणारी माणसंही जाणती असतात. तेवढं केल्यावर मात्र माझी एक विनंती आहे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, फिती-नारळ येण्याच्या आधी, वातानुकूलनाची यंत्रं चालू ठेवून आणि माईक बंद ठेवून एका सोळा-सतरा वर्षांच्या पोराला रंगमंचाच्या मधोमध उभं करा. त्यानं ओरडायचं नाही. साध्या गळ्यानं म्हणायचं, “मी त्याला मारलं नाही.” आणि मला शेवटच्या रांगेत बसवा. ‘नाही’ ऐकू आलं, तर केशवराव परत आलं. नाही आलं, तर चांगलं सभागृह झालं म्हणायचं. लग्नाचे स्वागतसमारंभ झकास होतील.

हे मी आतापर्यंत दोन-तीन इंजिनिअर मंडळींना सांगून पाहिलंय. एक हसला. दुसऱ्यानं मात्र वही काढून वाक्य लिहून घेतलं. शेवटच्या ‘नाही’खाली त्यानं रेघ मारली तेव्हा मला फार बरं वाटलं.

तुमच्या भरतनाट्यमबद्दल: घुंगरांच्या बाबतीत तर ती फळी सोन्याची होती. दगडी फरशीवर टाच आपटली तर ठणका लागतो. तिथं पाय खाली टेकला की वर उचलून दिल्यासारखा वाटायचा, असं नाचणाऱ्या मुली सांगायच्या. तुम्हाला आठवत असेल.

प्रश्न: आईच्या ट्रंकेत केशवरावमधल्या एका नाटकाची जुनी जाहिरातपत्रिका आणि तिकिटाचा अर्धा तुकडा सापडला. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. लॅमिनेट करून फ्रेम करावी म्हणते. चालेल का?
(एक वाचक, सांगली)

नको नको नको. लॅमिनेट करू नका! त्या प्लॅस्टिकमधला डिंक तापून कागदात कायमचा मुरतो, तो परत कधीच सुटा होत नाही. फाटल्या घडीवर चिकटपट्टीही लावू नका. दहा वर्षांत पट्टी निघते आणि तिचा तपकिरी डाग राहतो. माझ्या दोन वह्या मी अशाच घालवल्यात, म्हणून एवढ्या तळमळीनं सांगतोय.

दोन्ही बाजूंचे चांगल्या उजेडात फोटो काढा किंवा स्कॅन करा. मग कागद सपाट ठेवा, घडी उलगडून. आम्लविरहित कागद मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, त्याचं पाकीट करून त्यात घाला. जाड पुठ्ठ्यांच्या मधे ठेवा आणि ट्रंकेत नको, कपाटात ठेवा. सांगलीला पुराची सवय आहे, तेव्हा वरच्या कप्प्यात. डांबरगोळ्या नकोत. फ्रेम करायचीच असेल तर फोटोची करा, लोकांना फरक कळत नाही.

आणि पाकिटावर पेनानं नाही, पेन्सिलीनं लिहा: कुणाचं तिकीट, साधारण कुठलं साल, बरोबर कोण होतं. तिकिटावर रांगेचा नंबर शिल्लक असेल तर तोही. आई आहेत ना? मग आजच विचारा, इतक्या मागं बसून सगळं नीट ऐकू आलं होतं का. आणि मला कळवा.